हाकेशिवाय बाहेर यायचं नाही

मी सहसा कुणाला हाक मारत नाही. धुळ्याला आमच्या घरी आई स्वयंपाकघरातून गच्चीवरच्या माणसाला बोलावते आणि तो माणूस निमूट खाली येतो. मी मात्र जिना चढून वर जाते, जवळ उभी राहते आणि जे सांगायचं ते सांगते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची होती. तिथे मोठ्याने बोलणं म्हणजे वाईट वळण, आणि मला ते सोयीचंच होतं. त्यामुळे लहान मुलांच्या शाळेत नोकरी धरली तेव्हा घरात सगळ्यांना हसू आलं. वडील म्हणाले, पोरंच हिला वर्गाबाहेर उभी करतील.

नोकरी जळगावला होती, म्हणून मी आत्याकडे राहायला गेले. शाळा म्हणजे एका कॉलनीतला बैठा बंगला. पुढच्या दोन खोल्यांत मोठी मुलं आणि मागच्या हॉलमध्ये माझी नर्सरी. दुपारनंतर तिथेच पाळणाघर चालायचं, कारण बऱ्याच मुलांच्या आया नोकरीला होत्या. खिडक्यांना पक्के गज, पुढच्या खोल्यांकडे जाणारा पॅसेज आणि हॉलमधून बाहेर पडायला एकच दार. ते दार पडवीत उघडायचं आणि पडवीतून फाटकाकडे जाता यायचं. फाटकासमोर एक रिकामा प्लॉट होता. त्यात एक कडुनिंब, आणि पलीकडे कुणाचं तरी बांधकाम चाललेलं, त्यांची पत्र्याची शेड.

शाळा ज्यांची होती त्यांना सगळे मॅडम म्हणायचे. त्या शिस्तीच्या होत्या, पण उगाच शिस्तीच्या नव्हत्या. मी रुजू होण्याआधीच्या उन्हाळ्यात हॉलमधल्या कूलरची मोटर जळली होती. गवताच्या जाळ्या कोरड्या पडलेल्या, त्यांनी धुमसायला सुरुवात केली आणि हॉल धुराने भरला. मुलं झोपलेली होती. मॅडमनी आणि मदतनीस मावशींनी दोन-दोन मुलं काखेत मारून बाहेर काढली. कुणाला काही झालं नाही, पण मॅडम तो प्रसंग सांगताना अजूनही बोलता बोलता दाराकडे बघायच्या.

हिवाळ्यात त्या कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आल्या आणि शाळेत ड्रिल सुरू झाली. मोबाइलवरचा सायरन मोठ्या स्पीकरला जोडायचा. तो वाजला की हातातलं टाकून उठायचं, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, रांगेने दाराबाहेर, पडवीतून फाटकाबाहेर आणि थेट कडुनिंबाखाली. दप्तर घ्यायचं नाही, डबा घ्यायचा नाही, रडायचं असेल तर चालता चालता रडायचं. हा शेवटचा नियम मावशींनी जोडलेला. दार उघडून धरायचं काम त्यांचं. मुलं मोजायचं काम माझं.

पहिल्या ड्रिलला मी कडुनिंबाखाली मुलं मोजली आणि एक कमी भरलं. पुन्हा मोजली, तरी एक कमी. मी काही न बोलता परत आत गेले. हॉलच्या कोपऱ्यातल्या बुटक्या टेबलाखाली एक मुलगी बसली होती. दोन्ही हातांनी टेबलाचा पाय धरलेला, डोळे मिटलेले, डोकं गुडघ्यांत घातलेलं. ती रडत नव्हती. मी वाकून म्हटलं, "चल, बाहेर जायचंय." तिने डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. शेवटी मावशींनी तिचे हात टेबलाच्या पायावरून सोडवले. तेव्हा मात्र ती किंचाळली.

ही मुलगी असोद्याहून यायची. तिची आई बसस्टँडजवळ एका शिवणकामाच्या दुकानात ब्लाउज शिवायची. सकाळच्या बसने दोघी यायच्या, संध्याकाळच्या बसने परत जायच्या. एरवी ती गुणी होती. डबा स्वतः उघडायची, रंगाचे खडू परत खोक्यात ठेवायची, फारसं बोलायची नाही. मला ती आवडायची, कदाचित याच कारणाने.

दुसऱ्या ड्रिलला तेच झालं. तिसऱ्या वेळी मी सायरनआधी मुद्दाम तिच्याजवळ जाऊन बसले, तिचा हात धरला. सायरन वाजल्याबरोबर तिने असा काही हिसका दिला की माझ्या हातातली बांगडी वाढली, आणि ती टेबलाखाली. तोवर बाकीची रांग माझ्याविना बाहेर गेली. दोन मुलं फाटकातून कडुनिंबाकडे न जाता रस्त्यावर गेली. त्यांना मावशींनी धरून आणलं.

त्या दिवशी मॅडमनी मला ऑफिसात बोलावलं. त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की एका मुलीमागे टीचर आत राहते आणि बाकी सगळा वर्ग वाऱ्यावर, हे खऱ्या आगीत परवडणार नाही. पोर अजून लहान आहे, पुढच्या वर्षी आणा म्हणावं. मी विचारलं, या वर्षी नाव काढायचं का. त्या म्हणाल्या, "तिच्या आईशी तुम्ही बोला. तुमच्या वर्गातली आहे."

आईला मी संध्याकाळी फाटकाशी गाठलं. माझं बोलणं तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली की चूक मुलीची नाही, तिनेच तिला तसं शिकवलंय. आदल्या पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्या गावात वादळ झालं. केळीची उभी बाग आडवी झाली, ते तर झालंच. पण वारा सुटला तेव्हा ही अंगणात वाळत घातलेले कपडे काढत होती आणि मुलगी तिच्यामागे धावत बाहेर आली. गोठ्याचा पत्रा उडाला तो दोघींच्या मधे येऊन पडला. मधे म्हणजे, तिने हात पसरून दाखवलं, एवढ्या जागेत. त्यानंतर तिने मुलीला धडा घालून दिला. मोठा आवाज झाला की पलंगाखाली शिरायचं, पाय धरायचा, डोळे मिटायचे, आणि मी हाक मारल्याशिवाय बाहेर यायचं नाही. कुणीही बोलावलं तरी नाही. कारण घाबरलेली माणसं कुठेही बोलावतात. ढग गडगडला की घरात दोघी हेच करायच्या. आता मुलीला सांगावं लागत नव्हतं.

मी म्हटलं, आगीत आत बसलं तर जीव जाईल. ती म्हणाली, वाऱ्यात बाहेर गेलं तरी जाईल. मी म्हटलं, शाळेपुरतं तिला सांगा की कुणीही बोलावलं की यायचं. तिने मान हलवली. "टीचर, तिले शाळा आन् घर असं येगळं नही समजत. एकदा कुनाच्याबी हाकेवर बाहेर आली, की मंग येईलच."

मग मी मॅडमचं म्हणणं सांगितलं. नाव काढलं तर तिचं काम सुटणार होतं. घरी मुलीला सांभाळायला कुणी नाही असं नव्हतं, जाऊ होती. पण जावेने आधीच सांगून टाकलेलं, शिकायला पाठवत असशील तर पाठव, ब्लाउज शिवायला म्हणून माझ्या गळ्यात मारू नको. मुलगी शाळेत जाते म्हणून ती दुकानात जाऊ शकत होती. हे तिने मला सरळ सांगितलं, विनवणी न करता. मग म्हणाली, रविवारी घरी या, तिथे काय होतं ते बघू.

मी कुणाच्या घरी सहज जात नाही. रविवारी बसमध्ये बसेपर्यंत मी दोनदा ठरवलं होतं की फोन करून जमत नाही म्हणून सांगायचं. असोदा काही लांब नाही, विचार बदलायलाही पुरेसा वेळ मिळत नाही. मुलगी आणि तिची आई थांब्यावर उभ्याच होत्या. मुलीने माझ्याकडे बघून तोंडावर हात ठेवला. टीचर गावात दिसते याचंच तिला नवल वाटत असावं.

घरात भरिताची तयारी चालली होती. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी परातीत सोलून ठेवलेली, आणि जाऊ लाकडी बडजीत मिरच्या ठेचत होती. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ही का तुही टीचर, ती म्हणाली, मले वाटलं मोठी असंल. आणि ठेचायला लागली.

आम्ही पहिल्यांदा नुसतं करून बघितलं. जावेने अंगणात पत्र्याच्या डब्यावर मुसळ बडवलं. मुलगी खेळत होती ती उठून सरळ पलंगाखाली गेली, न धावता, सवयीने जावं तशी. पाय धरला, डोळे मिटले. आई बाजूला उभी राहिली. मी वाकून म्हटलं, "बाळा, ये बाहेर." काही नाही. पुन्हा म्हटलं.

जाऊ दारातून म्हणाली, "एवढ्याशा आवाजात तं आमची कोंबडी बी नही येत."

मी जरा मोठ्याने बोलावलं. मुलीने डोळे किलकिले केले, पण ती माझ्याकडे बघत नव्हती. तिला पलंगाखालून आईची पावलं दिसत होती आणि ती त्यांच्याकडे बघत होती. आईने काहीच केलं नाही, तशी ती पुन्हा डोळे मिटून बसली. मग आईनेच एक आवाज दिला आणि ती बाहेर आली, जणू मधे काही घडलंच नव्हतं.

आम्ही तिघी अंगणात येऊन बसलो. जाऊ म्हणाली की यात नवल काय. पोरगी का म्हणून येईल? टीचर म्हणजे नातं काय झालं? टीचर काय मामाकडची आहे का काकाकडची? आईने मग सांगितलं की शाळेत तसंच म्हणायचा नियम आहे. जावेला ते पटलं नाही. त्यांच्याकडे लेकराला कुणासोबत धाडायचं असलं तर आधी ते माणूस त्याचं कोण लागतं ते सांगतात, त्याला लेकरासोबत एका ताटात जेवायला बसवतात आणि मग लेकराचा हात त्याच्या हातात देतात. रीत म्हणावी इतकीही मोठी गोष्ट नाही, असंच चालत आलेलं. आईने जावेकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "चालंल का तुम्हाले?"

आत घरात एक ताट वाढलं. कळण्याची भाकरी, भरीत, कांद्याची पात. मुलगी माझ्यासमोर मांडी घालून बसली. मी घरीसुद्धा कुणाचं उष्टं खात नाही. आमच्याकडे ते सगळ्यांना माहीत आहे, माझा पाण्याचा पेला वेगळा असतो. मुलीने भाकरी मोडली, भरितात बुडवली, अर्धा घास खाल्ला आणि उरलेला माझ्या तोंडापुढे धरला. तिच्या बोटांना तेल लागलेलं आणि नखांत खडूचा निळा रंग होता.

"शयरातल्या मॅडमले उष्टं चालते का पाह्य," जाऊ म्हणाली.

मी खाल्ला. तिखट होता, मला ठसका लागला. मुलीने पाण्याचा तांब्या पुढे सरकवला.

जेवण झाल्यावर आईने मुलीचा हात धुतला, पुसला आणि माझ्या हातात दिला. "ही तुही मावशी," ती मुलीला म्हणाली. "हिनं हाक मारली तं माह्यीच समज." मग मुलीला अंगणात पिटाळून ती माझ्याकडे वळली. आता तिचा आवाज वेगळा होता. "पन एक करा. वारं सुटलं तं नका बोलावू तिले. मी येवो की न येवो. कुनी काहीबी सांगो."

मी हो म्हटलं. तिने मला आणखी काही विचारलं नाही. पुन्हा डबा बडवला गेला. या वेळी आई घराबाहेर जाऊन उभी राहिली, पावलं दिसणार नाहीत अशी. मी पलंगापासून दूर, दारात उभी राहून हाक मारली. आई मारते तशी, शेवट लांबवून. माझाच आवाज मला ओळखीचा वाटला नाही. बराच वेळ काही झालं नाही. मग पलंगाखालून आधी एक हात आला.

पुढच्या ड्रिलला मॅडम स्वतः हॉलमध्ये येऊन उभ्या राहिल्या. सायरन वाजला. रांग निघाली, मुलगी टेबलाखाली गेली. मी या वेळी तिच्यामागे गेले नाही. रांगेच्या पुढे दारात उभी राहिले आणि तिथूनच हाक मारली, "ये वं माय, मावशी बोलावतेय." पुढच्या खोलीतल्या टीचर वळून बघायला लागल्या. माझे कान तापले. मुलगी बाहेर आली, शेवटच्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि रांगेसोबत कडुनिंबाखाली गेली. मोजणी बरोबर भरली.

मला वाटलं होतं मॅडमना बरं वाटेल. त्यांना बरं वाटलंही, पण ऑफिसात आल्यावर त्या म्हणाल्या, "हे मावशी काय आहे? आपल्याकडे मावशी एकच आहे आणि ती फरशी पुसते." मी झालं ते सांगितलं. एका ताटाचं सांगितलं नाही. त्या म्हणाल्या, पालक टीचरची फी देतात, उद्या ते विचारतील. आणि पालकांनी विचारलंच, कारण आठवड्याभरात माझा अर्धा वर्ग मला मावशी म्हणायला लागला होता. एका वडिलांनी फाटकाशी मॅडमना हसत हसत विचारलं की शाळेतल्या टीचर कमी झाल्या का. खऱ्या मावशी मला म्हणाल्या, "चला, बरं झालं. उद्यापासून अर्धा हॉल तुम्ही पुसा."

मॅडमनी मुलीचं नाव काढलं नाही, पण ठेवलं असंही म्हटलं नाही. वर्ष संपेपर्यंत बघू, मग ठरवू, असं आईला कळवलं. पुढच्या वर्गाच्या प्रवेशाचं आईने दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा तिला तेच उत्तर मिळालं. दुकानातल्या मालकिणीला तिने अजून काही सांगितलं नव्हतं. मला तिने पुन्हा कधी विनंती केली नाही. संध्याकाळी मुलीला नेताना फक्त विचारायची, आली का आज हाकेवर. मी हो म्हणायचे. ती मान हलवून बसस्टँडकडे निघायची.

एप्रिल लागला. जळगावचा एप्रिल असतो तसाच होता. दुपारी पडवीची फरशी पाय ठेवू देत नव्हती, त्यामुळे मॅडमनी ड्रिल सकाळी घ्यायला सुरुवात केली. कूलर लावले होते आणि त्यांच्या वायरी त्या रोज स्वतः तपासायच्या.

त्या दिवशी पाळणाघराची वेळ होती. मुलं नुकतीच उठली होती, काहींच्या हातात बिस्किटं होती. आकाश सकाळपासूनच मळकट होतं. वारा आला तो एकदम आला. आधी पुढच्या खोलीतल्या खिडकीची दारं आपटली, मग कूलर थांबला, म्हणजे वीज गेली, आणि हॉलमध्ये संध्याकाळ झाल्यासारखा अंधार झाला. धूळ गजांमधून आत यायला लागली. समोरच्या शेडचे पत्रे खडखडायला लागले. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. एखादी मोठी गाडी मालासकट उलटावी तसा तो येत राहिला, थांबत नव्हता.

मॅडम पॅसेजमधून आल्या. चेहऱ्यावर धूळ, हातात मोबाइल आणि स्पीकर. त्यांनी सायरन लावला.

मला त्यांचं काही चुकीचं वाटत नाही. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्यावर काय करायचं ते आम्ही सगळा हिवाळा पाठ केलं होतं. मुलांनीही तेच केलं. बिस्किटं खाली ठेवली, उठली, पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवला. एकही मूल रडत नव्हतं. इतकी सुंदर रांग त्यांनी कधीच केली नव्हती. मावशींनी जाऊन दार उघडून धरलं, वाऱ्याने ते त्यांच्या हातातून सुटत होतं, त्या पाठ लावून उभ्या राहिल्या. रांगेतलं पहिलं मूल उंबऱ्यापर्यंत गेलं.

ती मुलगी टेबलाखाली होती. डोळे या वेळी उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती, मी हाक मारते का ते.

"बोलवा तिला," मॅडम सायरनवरून ओरडल्या. "चला, बाहेर, बाहेर."

मी दारात गेले आणि पहिल्या मुलाच्या पुढे आडवी उभी राहिले. म्हटलं, "नाही."

मॅडमना ऐकू गेलं नसावं, किंवा गेलं पण कळलं नसावं. त्या पुन्हा बाहेर म्हणाल्या. मग मी ओरडले, "वारं आहे, मॅडम. आत." मावशींना म्हटलं दार लावा. त्या माझ्याकडे आणि मॅडमकडे आळीपाळीने बघत राहिल्या. त्यांना पगार मॅडम द्यायच्या. तेवढ्यात कशाचा तरी मोठा आवाज झाला आणि त्यांनी दार सोडलं. मी आणि त्यांनी मिळून ते ढकलून लावलं आणि कडी घातली.

मुलं आता रडायला लागली. रांग मोडून कुठे जायचं ते त्यांना आम्ही कधी शिकवलंच नव्हतं. ती दारापाशी एकमेकांना धरून उभी राहिली. काही अजून पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून होती. मॅडमनी सायरन बंद केला. मग आम्ही तिघींनी एकेका मुलाला धरून खिडक्यांपासून दूर, आतल्या भिंतीशी नेऊन बसवलं. पुढच्या खोल्यांतली मुलंही त्यांच्या टीचरनी तिथेच आणली. कुणी टेबलाखाली गेलं, कुणी आमच्या मांडीवर. मॅडम मधे बसून मुलांच्या डोक्यांवरून हात फिरवत मोजत होत्या. मी त्या मुलीजवळ गेले नाही. तिचं बरं चाललं होतं.

वारा कमी झाल्यावर दार उघडलं. शेडचा एक पत्रा उडून फाटकाजवळ पडला होता, अर्धा आत, अर्धा बाहेर. कडुनिंब होता तिथेच होता, त्याच्याखाली फक्त फांद्या पडलेल्या. रांग बाहेर गेली असती तर काय झालं असतं ते मला माहीत नाही. कदाचित पत्रा पडायच्या आधी मुलं पुढे गेलीही असती. मॅडम पडवीत उभ्या राहून तो पत्रा बघत होत्या. मला वाटलं, आता नोकरीचं काहीतरी बोलतील. त्या म्हणाल्या, "आतलीसुद्धा ड्रिल बसवायला हवी. तुम्ही सांगा कशी करायची." आणि मावशींसोबत पत्रा ओढायला गेल्या.

पालक यायला लागले. ज्याचं त्याने मूल उचललं, छातीशी धरलं आणि नेलं. असोद्याची बस त्या दिवशी बंद होती, रस्त्यावर झाडं पडलेली. त्या मुलीची आई दुकानातून चालत आली. केसांत, भुवयांत माती, पदर डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला. फाटकाजवळचा पत्रा तिने बघितला आणि क्षणभर तिथेच थांबली. मग पडवीत आली. मॅडम तिथे होत्या. तिने त्यांना विचारलं, बाहेर नेली होती का पोरं.

मॅडम म्हणाल्या, "नाही. टीचरनी नेऊ दिली नाहीत." मग जरा थांबून, जणू दुसऱ्याच विषयावर बोलतायत अशा आवाजात म्हणाल्या की जूनमध्ये ज्युनिअरचे वर्ग लवकर भरतात. सकाळची पहिली बस धरत जा, उशीर चालणार नाही.

आईने पदर सोडून पुन्हा खोचला. मग हॉलच्या दाराशी आली. मुलगी अजून टेबलाखाली होती. मला वाटलं आता ती हाक मारेल, म्हणून मी बाजूला झाले. पण ती उंबऱ्याअलीकडेच, भिंतीआड थांबली, पावलं दिसणार नाहीत अशी, आणि मला म्हणाली, "तुम्हीच बोलवा."

मी बोलावलं. हॉल रिकामा होता, आवाज घुमला.

मुलगी आली नाही. तिने टेबलाचा पाय सोडला नाही, फक्त डोकं वर केलं आणि विचारलं, "मावशी, वारं थांबलं का?"

मी खिडकीशी जाऊन बाहेर बघितलं. धूळ बसत होती. झाडाचा शेंडा हलत होता, पण थोडाच. मी अजून जरा वेळ उभी राहिले, तो पुरता हलायचा थांबेपर्यंत.

"थांबलं," मी म्हटलं.

मग ती आली.